बंद कधीपासून

दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला ताई जुन्या बाजारपेठेच्या तोंडाशी उभी राहायची. हातात लिहायची फळी, फळीला यादी, यादीत दोनशे बारा दुकानं. शटर वर, दिवा लागलेला आणि आत माणूस, एवढं दिसलं की ‘चालू’. नाहीतर ‘बंद’. शहराच्या आर्थिक आरोग्य कक्षात सतरा वर्षं ती हेच करत आली होती. कक्षाचं नाव भारदस्त, पण तिथल्या एकाही खुर्चीचे चारही पाय सारखे नव्हते. साहेब या बाजारात कधी फिरकले नव्हते. बाजाराची तब्येत मात्र ते दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत सांगायचे. बारा लाख वस्तीच्या शहराची नाडी ताईच्या चपलांनी मोजली जायची आणि हार साहेबांच्या गळ्यात पडायचे.

यादीतलं शेवटचं दुकान तिच्या सख्ख्या भावाचं. दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. वडिलांनी घालून दिलेलं दुकान. मोजणी संपली की ताई तिथे टेकायची, समोरच्या टपरीवरून चहा यायचा. दादा एखादं मशीन उघडून बसलेला असायचा. हात तेलकट, म्हणून कप मनगटांत धरून प्यायचा. “काय डॉक्टरीणबाई, पेशंट कसा आहे?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. “जगेल,” हे तिचं ठरलेलं उत्तर.

या खेपेला एकोणीस बंद निघाली. बुधवारी तिने आकडे भरले आणि तिला हळहळ वाटली. कारण महापालिकेने ठरवलं होतं की ज्या बाजारात चौथा हिस्सा दुकानं बंद, तो बाजार आजारी धरायचा, आणि आजारी बाजारातून काढून घेतलेली बस परत सुरू करायची. तीन वर्षांपूर्वी बस दुसऱ्या रस्त्याने वळवली आणि गिऱ्हाईक बसबरोबर निघून गेलं, ही तक्रार ती मोजणीच्या दर मंगळवारी ऐकत होती. पण चौथा हिस्सा म्हणजे त्रेपन्न. एकोणीस कुठे नि त्रेपन्न कुठे! अहवाल सोमवारी जाणार होता. बाजार रडतो फार, पण आहे धडधाकट, असा हिशेब करून तिने मनाची समजूत घातली.

गुरुवारी तिचं डोकं ठणकायला लागलं. मंगळवारी चष्मा दादाच्या दुकानात राहिला होता आणि दोन दिवस ती जुन्यावर भागवत होती. दुपारच्या सुट्टीत ती चष्मा आणायला निघाली.

बाजाराच्या तोंडाशी आल्यावर तिला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं. छत्र्यांचं दुकान बंद. भांडीवाला बंद. काचवाला, दोरीवाला, दोघे फोटोवाले बंद. मंगळवारी ज्याने तिला फुलदाण्या पुसतापुसता हात केला होता, त्याच्या शटरच्या कुलपाला कोळ्याचं जाळं होतं. रोज उघडणाऱ्या कुलपावर जाळं धरत नाही, एवढं तिला जुन्या चष्म्यातूनही कळलं. सवयीने ती मोजत गेली. रस्ता संपला तेव्हा आकडा चौऱ्याहत्तरवर आला होता, आणि चौऱ्याहत्तरावं दुकान दादाचं होतं.

टपरीवरचा चहावाला तिला बघून गडबडला. आज मंगळवार नाही ना, असं त्याने तिलाच विचारलं. मग तोंडातून निघून गेलंच आहे म्हटल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. मोजणीच्या दिवशी त्याचा चाळीस कप चहा जातो. एरवी दहा गेले तरी दिवस बरा. त्या सकाळी सगळे येतात, कुलपं उघडतात, दिवे लावतात, ताई पुढे गेली की तासाभराने शटर ओढून घरी किंवा दुसऱ्या कामावर. भांडीवाला गोदामात खोकी उचलतो. काचवाला जावयाकडे राहतो, तो खास बस बदलून येतो.

“पण का?” ताईने विचारलं.

“तुम्हीच म्हणाला होता की, ताई.”

तिला आठवेना. त्याने आठवण करून दिली. नियम असा होता की आधी ‘चालू’ असलेलं दुकान यादीत ‘बंद’ करायचं तर मालकाने एक पत्रक भरायचं: ‘बंद कधीपासून’ या रकान्यात तारीख आणि खाली सही. पाच वर्षांपूर्वी तशी सही टोपीवाल्याने केली होती. त्याचा हात इतका कापत होता की तिला त्याचं मनगट धरावं लागलं. त्यानंतर टपरीच्या याच बाकावर बसून ती म्हणाली होती, “अशी सही परत कुणाची घ्यायची वेळ येऊ नये.” ते वाक्य बाजाराने मनावर घेतलं. त्यात ज्याची त्याची अब्रूही होतीच. पण ताईला त्रास नको, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. जुने पेशंट डॉक्टरला बरं वाटावं म्हणून कण्हायचं थांबतात, तसला प्रकार.

“माझं पोट तरी बसवर आहे,” चहावाला म्हणाला. “बस आली नाही तर पुढच्या मोजणीला मीही फक्त मंगळवारचाच.”

पत्रकं तिच्या पिशवीत होती, सही नव्हती. चहावाला म्हणाला, पहिली कोण करणार म्हणून सगळे अडतील. दादांनी केली तर बाकीचे करतील, बाजार त्यांच्या तोंडाकडे बघतो. आणि दादा कुठे असतो, हेही त्याने खाली बघत सांगितलं.

दादा सार्वजनिक वाचनालयात होता. खिडकीजवळचं टेबल, समोर वर्तमानपत्र, शेजारी डबा. इस्त्रीचा शर्ट, आणि नखं स्वच्छ. ताईने आधी त्याची नखं पाहिली. त्यानेही तिला पाहिलं. चेहऱ्यावर काही आणलं नाही, शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

तिथे बोलायची बंदी, म्हणून सगळं कुजबुजीत झालं. वहिनीला माहीत आहे का, असं तिने विचारलं. ती रोज सकाळी डबा भरून हातात देते, तो म्हणाला; तिला माहीत आहे की नाही हे आपण विचारलेलं नाही, तिनेही काढलेलं नाही; दोघांचं बरं चाललंय. मग त्याने वर्तमानपत्र तिच्याकडे फिरवून एका बातमीवर बोट ठेवलं. मथळा मोठा होता, तिला वाचता आला: शहराची तब्येत ठणठणीत. “तुझ्या साहेबांचा फोटोही आहे,” तो म्हणाला. “चांगले तुकतुकीत दिसतात.”

ती हसली नाही. तिने पत्रक त्याच्यापुढे ठेवलं आणि बसचं सांगितलं. एकोणीस आणि त्रेपन्नाचंही सांगितलं. तुझी सही झाली तर बाकीच्या होतील, पण यादी प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लागते, नावानिशी, हेही तिने लपवलं नाही. वहिनी पाणीपट्टी भरायला तिथेच जायची.

दादाने पत्रक जवळ ओढलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने पान उलटलं.

“बस आली, तर माझं दुकान उघडेल?” त्याने विचारलं.

खोटं बोलायला तिला फार वेळ लागला नसता. “नाही, दादा. लोक आता घरी कपडे शिवतच नाहीत.”

“मग कुणाचं उघडं राहील?”

“चहावाल्याचं. अजून बरीच आहेत.”

त्याने तिच्याकडून पेन घेतलं. रकाने एकेक करून भरले. दुकान, धंदा, मालक. ‘बंद कधीपासून’ इथे थोडा थांबला, आठवायला थांबलाय असं तिला वाटलं नाही. मग तारीख लिहून वडिलांसारखीच लांब शेपटीची सही केली. हात अजिबात कापला नाही. कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. जुन्या चष्म्यातून तारखेचा नुसता धुरळा दिसत होता.

“थांब,” म्हणून दादाने शर्टाच्या खिशातून तिचा चष्मा काढला. मशीनचं मऊ फडकं अजून त्याच्याकडे होतं. त्याने काचा पुसल्या आणि चष्मा तिच्या हातात दिला.

ताईने तो लावला. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. बस वळवली त्याच्याही आधीची.

चार वर्षं म्हणजे सोळा मंगळवार. सोळा वेळा तिने आपल्या हाताने ‘चालू’ लिहिलं होतं. आणि आता तिला दिसायला लागलं की प्रत्येक मंगळवारी तो उघडून बसलेला असायचा ते मशीन एकच होतं: काळं, बाजूला सोनेरी वेल, वेलीचं एक पान उडालेलं. त्यांच्या आईचं. बिघडलेलं ते कधीच नव्हतं.

वाचनालयाच्या घड्याळात दोन वाजले होते. दादाने डबा उघडला, आतल्याचे अंदाजाने दोन वाटे केले आणि झाकणातला वाटा तिच्यापुढे सरकवला.

“खा,” तो कुजबुजला. “अजून तेहेतीस जणांकडे जायचंय तुला.”