वाटणीतला कार्बोरेटर

वडील गेल्यावर आमच्याकडे वाटण्या झाल्या. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गाडी आली, धाकट्याला त्याच गाडीतला कार्बोरेटर आला आणि मी एकटी राहते म्हणून मला आई आली. मी तक्रार केली नाही, कारण तिघांत चालू स्थितीत असलेली एकटी आईच होती.

कार्बोरेटर वेगळा काढणं हे धाकट्याचं डोकं. गाडी दादाला जाते म्हटल्यावर त्यालाही काहीतरी हवंच होतं, आणि वडिलांनी शेवटच्या वर्षी गाडीत नवा असा तेवढाच भाग बसवला होता. त्याने पाना घेऊन तो स्वतः काढला, रॉकेलने धुतला आणि काचेच्या कपाटात टीसेटशेजारी ठेवला. दादाने नाक मुरडलं आणि दुसरा आणला, त्याहून भारी, नव्या पद्धतीचा. गाडी लगेच सुरू झाली. दादाने ती गल्लीतून मुद्दाम दोनदा फिरवली. सपाटीवर ती झकास पळायची, चढ आला की धापा टाकत बसायची. पण आम्हाला चढावर काम नव्हतं.

मग मामाचा निरोप आला. आईचा हा एकुलता एक भाऊ टेकडीवर राहतो. तो अंथरुणाला खिळला होता आणि त्याने बहिणीला बोलावलं होतं. वीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते आणि कारण हीच गाडी. वडील ती पहिल्यांदा त्याच्या दारात घेऊन गेले, तेव्हा मामा चार लोकांत म्हणाला होता, "हे डबडं इथवर चढलं कसं?" आई पाणीसुद्धा न पिता उठली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं हे माहेर.

"जाईन," आई आता म्हणाली, "पण ह्यांच्याच गाडीतून."

"भाड्याची गाडी करू की," मी म्हटलं.

"म्हणजे तो म्हणणार, डबडं मेलं वाटतं. त्यापेक्षा न गेलेलं बरं."

मामाचे किती दिवस उरलेत हे कोणालाच माहीत नव्हतं. आई पिशवी भरून दारापाशी बसून राहिली. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

गाडी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी जरा आधी पडावी लागते, नाहीतर जोर मिळत नाही, तेव्हा दोष टायमिंगचा, असं त्याने बॉनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं. मग तपासलं, तर गॅरेजात उभ्या गाडीत टायमिंग बरोबर. तरी त्याने ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला. आता गाडी सपाटीवरही खडखडायला लागली आणि चढावर पुन्हा बसली. मिस्त्रीने गाडी विकायचा सल्ला दिला.

दादा हलेना, तेव्हा मिस्त्री स्वतः आम्हा दोघांबरोबर गाडीत बसून चढावर आला. गाडी बसली. चाकांमागे दगड लावून त्याने बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बारीक नळीला बोट लावलं.

"घोडं इथं पेंड खातंय," तो म्हणाला. "नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या पोटात वजनं असतात. वेग वाढला की ती फाकतात आणि ठिणगी पुढे सरकवतात. ह्याचं पोट रिकामं. कार्बोरेटर ह्या नळीतून जेवढी हवा ओढेल, तेवढाच हा हलणार. आणि तुमचा हा नवा उभ्या गाडीत छान ओढतो, चढावर पाय दाबला की ओढच सोडतो."

"म्हणजे खराब कोण?" दादाने विचारलं.

"कोणीच नाही. दोघंही गुणी आहेत, एकत्र नांदत नाहीत एवढंच. जुना कुठाय?"

दादा नळी निरखायला लागला. शेवटी मीच सांगितलं, "टीसेटशेजारी."

धाकटा द्यायला तयार झाला, पण गाडी तो चालवणार आणि परत आल्यावर कार्बोरेटर काढून घेणार. दादा म्हणाला, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ह्यात दुपार गेली. शेवटी आईने पिशवी उचलली.

"जाताना दादा चालवेल, येताना तू," ती धाकट्याला म्हणाली. "आता बसा."

मिस्त्रीने जुना कार्बोरेटर चढवला, टायमिंग पुन्हा लावलं. गाडी एकदाही न अडखळता चढ चढली. धाकटा मांडीवर पाना घेऊन बसला होता.

मामा खिडकीशी होता, निम्मा झालेला.

"चढलं का डबडं?" त्याने विचारलं.

"चढलं," आई म्हणाली आणि त्याच्या पायाशी बसली. मग मामा रडायला लागला, तीही. दादा आणि धाकटा रेडिएटरमधलं पाणी बघायला बाहेर गेले. पाणी भरपूर होतं.

निघायची वेळ झाली तेव्हा आईने पिशवी उपसली. तिचे सगळे कपडे त्यात होते.

"मी राहते ह्याच्यापाशी," ती म्हणाली. "न्यायला ह्याच गाडीतून या, नाहीतर मी येणार नाही."

धाकट्याने हातातल्या पान्याकडे पाहिलं. "कधी यायचं?"

"सांगेन."

तिने अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी दोघं विचारायला वर जातात, जाताना दादा चालवतो, येताना धाकटा. खाली येईपर्यंत दोघं आता थोडं बोलतातही. मी मागे बसते, शेजारची जागा रिकामी असते. ते मला दाराशी सोडतात आणि कुलूप माझं मीच उघडते.