चौदा नंबरची सीट

रांजणगावच्या कंपनीत बसच्या जागांची फाइल जुन्या एएस-फोर हंड्रेड कॉम्प्युटरवर होती. तिला 'की', म्हणजे एक नोंद दुसऱ्यांदा चढू न देणारी खूण, नव्हती. त्यामुळे एकाच सीटवर दोन नावं चढायची आणि सकाळी बसमध्ये भांडणं लागायची. एसक्यूएलनं नोंदींचं नवीन टेबल करायचं काम कॉम्प्युटर विभागातल्या नागसेनकडं आलं. काम सोपं होतं. बस नंबर आणि सीट नंबर मिळून प्रायमरी की. मग भरलेल्या सीटवर दुसरं नाव मशीन घेतच नाही.

नागसेननं कीमध्ये तिसरा कॉलमही घातला, कर्मचारी क्रमांक.

दौंडच्या बसमधली चौदा नंबरची खिडकी सीमाची, त्याच्या बायकोची. ती पॅकिंगला होती. शेजारी पंधरावर तो. दिवाळीनंतर ती वारली, पण फाइलमधलं तिचं नाव त्यानं काढलं नाही. सीटवर तो आपला डबा ठेवी. आता तीच सीट न्हावऱ्याला चढणाऱ्या दीक्षाला दिलेली होती. तीन कॉलमांमुळं, सीट एक पण कर्मचारी क्रमांक वेगळे म्हणून, दोघींची नावं टेबलात राहिली.

ट्रान्सपोर्टचा अजीम छापील यादी घेऊन आला.

"काय भाऊ, चौदावर दोन बाया! एकीला टपावर बसवू का?" म्हणत त्यानं नावं वाचली आणि त्याचं हसू गेलं. तो हळू म्हणाला, "ती पोरगी रोज उभी येती. शिरूरला गर्दी झाली की पार दारात जाती."

"मग तक्रार का न्हाई केली तिनं?"

"मी इचारलं. म्हणली, तिथं मामांचा डबा असतो."

अजीम गेल्यावर नागसेननं मशीनमधलं टेबल पुसलं आणि पुन्हा केलं. या वेळी की दोनच कॉलमांची. पहिलं जे नाव आत जाईल तेच राहणार होतं. त्यानं चौदावर आधी दीक्षाचं नाव घातलं. मग सीमाचं टाइप केलं. घेणार नाही हे माहीत असूनही एंटर दाबलं. 'डुप्लिकेट की', म्हणजे सीट भरलेली आहे, मशीननं सांगितलं. तो बराच वेळ ती ओळ बघत बसला. तिचं नाव स्वतःच्या हातानं पुसणं त्याला जमलं नसतं.

दुसऱ्या सकाळी बसमध्ये डबा त्याच्या मांडीवर होता. न्हावऱ्याला दीक्षा चढली तसा तो उठून बाजूला झाला.

"मामा, तुम्हीच बसा की खिडकीला."

"न्हाई," नागसेन म्हणाला. "माझी पंधरा हाय."