विटा घेऊन फिरणारा ठेला

मी एक जुना ठेला आहे आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. पुण्या-मुंबईकडची मंडळी माझ्यासारख्याला हातगाडी म्हणतात. आमच्या यवतमाळकडच्या नेरमध्ये मात्र ठेला म्हणजे ठेलाच. मित्रांनो, माझा जन्म भाजीसाठी झाला, पण सध्या माझ्या अंगावर विटा आहेत. हे असं कसं झालं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझ्या आधी आमची सत्यशीला डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायची. तिचे यजमान देवराव लाकडाच्या वखारीत कामाला होते. बायकोच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून त्यांनी मालकाला विचारून उरलेल्या सागवानी फळ्या घरी आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी बसून मला घडवलं. चाकं रहेमानभाईच्या सायकल दुकानातून आली, तीही चार वेगवेगळ्या सायकलींची. देवराव काही सुतार नव्हते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेचं काम जरा तिरपं असतं. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून डावीकडे झुकत चालतो.

काय दिवस होते ते! उजाडताच आम्ही बाजारात जायचो. ओली मेथी, पालक, चवळीच्या शेंगा, वांगी, आणि सगळ्यांच्या वर सांबाराच्या जुड्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तुम्ही पातळ आमटी समजाल म्हणून सांगितलं. मग गल्लीत शिरताच सत्यशीला आवाज द्यायची, "सांबार घ्या वो, मेथी घ्या!" तो आवाज ऐकून बाया चुलीवरचं सोडून दारात यायच्या. भाजी घ्यायला पाच मिनिटं लागत आणि बोलायला पंधरा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या कापसाला बोंडं धरली, हे सगळं माझ्या फळीला टेकूनच बोललं जायचं. तिचा राजदीप तान्हा होता तेव्हा माझ्या खाली बांधलेल्या झोळीत झोपायचा. माझी चाकं फिरत होती तोवर तो गप्प असे; मी थांबलो की भोकाड. जयंतीच्या दिवशी माझ्यावर निळ्या पताका लागायच्या आणि मिरवणुकीतल्या लोकांना माझ्यावरून सरबत वाटलं जायचं. त्या दिवशी मला कुणी भाजीवाल्या बाईचा ठेला म्हणत नसे. सगळे म्हणत, "देवरावचा ठेला आणा!" आजही ते आठवलं की माझ्या फळ्या ताठ होतात.

पुढे देवराव गेले. राजदीप मोठा झाला, ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरीला लागला. आणि सत्यशीलाचा उजवा गुडघा बोलू लागला. आधी कुरकुरला, मग सुजला, मग रस्त्यात अडून बसू लागला. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याची वाटी पार झिजली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल. पण आधी साखर उतरली पाहिजे आणि नंबरही लागला पाहिजे.

त्या दिवशी राजदीप औषधं आणायला गेला होता. तो परत खोलीत शिरला तेव्हा डॉक्टरांचं शेवटचं वाक्य चाललं होतं. ऑपरेशन म्हटल्यापासून सत्यशीलाच्या कानात दुसरं काही शिरतच नव्हतं आणि त्यानेही त्यातला एकच शब्द नीट ऐकला. घरी येताच त्याने जाहीर केलं, "डॉक्टरनं आराम सांगतला. आता आई खुर्चीवरून उठनार नाई."

झालं. फायबरची एक लाल खुर्ची आली आणि ओट्यावर बसली. मला घरामागे टिनाखाली ढकलून दिलं. शेजारची कोंबडी माझ्यावर अंडी घालू लागली. देवरावांनी रंधा मारलेल्या माझ्या फळ्यांवर कोंबडीची विष्ठा! पण मला माझ्यापेक्षा तिचं वाईट वाटत होतं. नेरच्या एकूण एक गल्ल्या पायाखाली घातलेली बाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या दुसऱ्या ठेल्यांना पाहत राहायची. राजदीप वाईट मुलगा नाही हो. आईला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यायचा. त्याच्या त्या मायेनेच तिचे पाय वाळत चालले होते.

काही महिन्यांनी ती दुसऱ्यांदा यवतमाळला जाऊन आली आणि थेट घरामागे येऊन माझ्या कडेला टेकली. सोबत तिची मैत्रीण बेबीताई होती.

"ऑपरेशन पुढं ढकललं व बेबी," सत्यशीला म्हणाली. "साखर वाढली. मांडीत जीव नाई म्हणे. असं ऑपरेशन केलं तं नंतर उभं राहता येनार नाई."

"काहून? तू तं हाललीबी नाई खुर्चीवरून!"

"तेच तं झालं! तिथं व्यायाम शिकवनाऱ्या उर्वशी मॅडम आहेत. थ्या म्हने, 'मावशी, बसून राहायला कोणी सांगितलं? डॉक्टर तर म्हणाले होते, आरामात फिरत राहा.'"

म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं 'फिरत राहा' यवतमाळलाच राहिलं आणि नुसता 'आराम' घरी आला. ध चा मा करायला राजवाडाच लागतो असं नाही, मित्रांनो. दोन खोल्यांच्या घरातही तो होतो.

आता हिवाळ्यातली तारीख मिळाली होती. तोवर साखर उतरली नाही आणि मांडीत ताकद आली नाही, तर ती लाल खुर्ची तिच्या जन्माला चिकटणार होती. सत्यशीलाला काठी नको होती. ती उठली, माझा दांडा धरला आणि मला घराच्या पुढच्या बाजूला आणलं. तिचा गुडघा कुरकुरत होता आणि माझी चाकंही कुरकुरत होती. त्यातलं जास्त म्हातारं कोण, हे सांगणं कठीण होतं.

संध्याकाळी राजदीप आला आणि माझ्याकडे पाहून चमकला. "आई, हा ठेला मी भंगारवाल्याले देऊन टाकतो म्हणलो होतो."

"अन् मी कायले धरून चालू? तुह्या खुर्चीले?"

"पडशील तू! पडली तं मी काय करू?" त्याचा आवाज फाटला. देवरावांनंतर त्याला आईशिवाय कुणी नव्हतं. तो भांडत नव्हता, घाबरला होता.

"मी पडनार नाई," ती म्हणाली. "तुह्या बाबानं बनवला आहे थो."

दुसऱ्या दिवशी त्यानेच रहेमानभाईला बोलावून आणलं. रहेमानभाईने चाकांना तेल दिलं, दांड्याला सायकलचा ब्रेक बसवला आणि म्हणाला, "भाभी, रिकामा ठेला पुढं पळते. थोडं वजन ठेवा, म्हंजे थो तुमच्यासंगं चालन." भाजीची टोपली उचलायची तिला मनाई होती. म्हणून राजदीपने अंगणातल्या विटा उचलून माझ्यावर रचल्या. अशा रीतीने मी भाजीचा ठेला होतो तो विटांचा झालो.

पहिल्या सकाळी ती दोन घरं चालून थांबली. पाय उचलतच नव्हता. मला कारण कळलं होतं, पण मला सांगता कुठे येतं? इतकी वर्षं ती आवाज देत चालली होती; मुकाट्याने चालायची तिच्या पायांना सवयच नव्हती. शेवटी तिचं तिलाच उमगलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सांबार घ्या वो..." आणि पाय उचलला!

मग काय, गल्लीत एकच हशा. "का वो आत्या, विटा कोन्या भावानं देल्या?" दारातून कुणी विचारलं, की ती म्हणायची, "दोन घेतल्या तं एक फुकट. अन् वरून सांबार!" ज्या पोरी तेव्हा आईच्या पदराआडून माझ्यावरचं गाजर पळवायच्या, त्या आता स्वतः आया झाल्या होत्या. त्या तिच्यासाठी दाराबाहेर स्टूल ठेवू लागल्या. जुन्या गल्ल्या अजून तिच्या होत्या. त्या सकाळी मला देवराव फार आठवले.

सगळे दिवस असे गोड नव्हते. एकदा जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी तिच्या गुडघ्यात अशी कळ आली की तिला पुढेही जाता येईना आणि मागेही. कापसाच्या गाड्या शेजारून जात होत्या. तिने विटा सरकवल्या आणि माझ्यावरच बसली. बातमी कळताच राजदीप धावत आला. मला वाटलं, आता संपलं; मी भंगारात आणि ती खुर्चीत. त्याने आईकडे पाहिलं. मग माझा दांडा धरला आणि तिला माझ्यावरून घरी घेऊन निघाला. ज्याला मी झोळीत घालून फिरवलं, तो आता मला ढकलत होता. दुखणं विसरून ती म्हणाली, "डावीकडं जाते थो, दाबून धर."

घरी आल्यावर त्याने विचारलं, "उद्या बंद ठेवाचं का?"

"उद्या अर्धीच गल्ली," ती म्हणाली. "दुखलं तं कमी चालाचं, पन बसाचं नाई. मॅडमनं सांगतलं आहे अन् या खेपेले मी पुरं ऐकून आली."

ती अर्धी गल्ली चालली. मग पुन्हा पूर्ण. थंडी पडेपर्यंत साखर उतरली, पोटऱ्या भरल्या आणि यवतमाळचे डॉक्टर तिच्या मांडीला हात लावून म्हणाले, आता करू. ऑपरेशन झालं. ती वॉकर धरून घरी आली, मग वॉकर गेला आणि काठी आली. मी दारात उभा राहून माझी पाळी कधी येते ते पाहत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना खुर्ची जरूर द्या. पण खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐका आणि रोज थोडा वेळ त्या दुखऱ्या माणसाच्या पावलाने त्याच्याबरोबर बाहेर चला. माया करायला हरकत नाही, पण मायेने कुणाला बसवून ठेवू नका.

परवा सकाळी सत्यशीला बाहेर आली. हातात काठीही नव्हती. माझ्या दांड्यावरून तिने हात फिरवला आणि ती तशीच पुढे गेली. दोन्ही हात मोकळे सोडून, कोपऱ्यापर्यंत, आणि कोपरा वळून पलीकडे. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू?

परत येताना बेबीताई भेटली. तिने विचारलं, "का व, आज ठेला नाई नेला?"

"राहू दे त्याले," सत्यशीला म्हणाली. "लय चालला बिचारा माह्यासंगं. थकला असन."

मित्रांनो, मी अजिबात थकलेलो नाही. तुमच्यापैकी कुणी नेरला आलं, तर तिला तेवढं सांगा.