कहवा न पिता खाली ठेवलेली वाटी

मी एक जुनं गलबत आहे. ओमानच्या सूर गावात, खाडीच्या पाण्यावर डुलत असतो.

मित्रांनो, मला घडवलं ते जुमा सुताराने. त्याने कागदावर एकही रेघ ओढली नाही. मलबारचा साग हाताने चाचपायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, हे लाकूड पाण्याला भीत नाही. वर मुशी माशाच्या तेलाचा असा हात दिला की वासाने गावभरच्या मांजरी माझ्यावरून भांडू लागल्या. त्या माणसाचे उपकार मला फिटायचे नाहीत.

पुढे मी हमदान शेठांच्या पेढीत कामाला लागलो. कराचीला खजूर न्यायचा, येताना तांदूळ आणायचा. सुकाणूवर नाखवा खमीस. एकदा तर वाऱ्याने आम्हाला इतकं उंच उचललं की उडते मासे मान वर करून आमच्याकडे बघत होते. खमीस शपथेवर सांगेल. मात्र तो शपथ घेऊ लागला की दोन पावलं लांब उभे राहा.

मग अजस्र लोखंडी जहाजं आली आणि शेठांना नव्या पद्धतीची भूल पडली. एकच पुरवठादार, एकच जहाज, आणि माल विकायच्या आदल्या दिवशी दारात हजर. कोठारात माल ठेवला की पैसा झोपतो, असं ते ज्याला त्याला ऐकवत. कोठार रिकामं झालं. मी खुंटाला बांधला गेलो आणि अंगावर कालवं चढली. अखेर शेठांनी मला एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं. तो मला मधोमध कापून आत टेबलं मांडणार होता. खमीस मला थोपटत म्हणाला की लोक तुझ्या पोटात बसून कोळंबी खातील, तुला वास तरी मिळेल. थट्टा केली खरी, पण त्याचा आवाज ओला होता.

सौदा ठरवायची बैठक माझ्याच फळ्यांवर बसली. शेठ स्वतः कहवा, म्हणजे आमची वेलदोड्याची कॉफी, ओतत होते. तेवढ्यात त्यांची मुलगी अज़्ज़ा आली. ती मस्कतला व्यापार शिकून पेढी बघू लागली होती. ही करवतच घेऊन आली असणार, असं मला आणि शेजारी उभ्या खमीसला वाटलं. तिने कहव्याची वाटी घेतली आणि ओठाला न लावता खाली ठेवली.

आमच्याकडे पाहुण्याने असं केलं की त्याचं काही मागणं असतं. यजमान हो म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि पाहुणा तसाच उठून गेला तर यजमानाला बाजारात तोंड दाखवता येत नाही. पण लेकीने बापापुढे वाटी ठेवलेली कोणी पाहिली नव्हती.

"घरच्या घरात कसलं नाटक हे? पी," शेठ म्हणाले.

"आधी मागणं, बाबा. हे गलबत कापायचं नाही."

"आणि काय करायचं? लोणचं?"

"कामाला लावायचं. जगातल्या मोठ्या पेढ्या आता एका जहाजावर विसंबत नाहीत. दोन वाटांनी माल आणतात, थोडा साठा जवळ ठेवतात. आपलं जहाज अडलं, तर रमजानात गावाने काय शिजवायचं?"

"कहवा गार होतोय."

"होऊ दे."

खमीस हळूच म्हणाला, "शेठ, पोरगी तुमचीच आहे. हो म्हणेपर्यंत उठायची नाही."

शेठांनी हॉटेलवाल्याकडे पाहिलं. हॉटेलवाला समुद्राकडे पाहू लागला.

"एक वर्ष," शेठ म्हणाले.

अज़्ज़ाने गार कहवा एका घोटात संपवला.

त्याच वर्षी रमजानच्या तोंडावर मोठं जहाज दूरच्या कुठल्याशा बंदरात गर्दीत अडकून पडलं. शेठ रोज किनाऱ्यावर येऊन क्षितिज बघून जात. अज़्ज़ाने कोठारात ठेवलेली पोती गावाला पुरत होती, तोवर आम्ही कराची गाठली. माझे सांधे कुरकुरले, मागाहून बसवलेलं इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं, पण तांदूळ कोरडा आणला. त्या संध्याकाळी रोजा सोडताना घराघरातून भाताची वाफ खाडीवर आली. माझं पोट त्या वासानेच भरलं.

दुसऱ्या दिवशी शेठ एकटेच कहवा घेऊन आले. वाटी भरली आणि न पिता माझ्या फळीवर ठेवली.

खमीस म्हणाला, "माझ्याकडे मागणं? बोला, शेठ."

"तुझ्याकडे नाही. याच्याकडे. म्हणावं, राहा."

मला बोलता येत नाही. मी जरासा कललो. निम्मा कहवा माझ्या फळ्यांत मुरला.

"हो म्हणतोय," खमीस म्हणाला. "उरलेला तुम्ही घ्या."

मित्रांनो, लोखंडी जहाजावर माझा राग नाही. ते आता वेळेवर येतं, आणि मीही जातो. रुंद रस्ता मिळाला तरी जुनी पायवाट बुजवू नका. तिच्यावरून अधूनमधून चालत जा. आणि घरात एखादं जुनं लाकूड असलंच, तर त्याला तेलाचा हात द्या. मांजरींचं मी बघून घेईन.