राणीची पळी

“गाडी चालू आहे, पण रेडिओ बंद आहे,” लॉजचा मॅनेजर म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मला काही हसू आलं नाही. रेडिओ म्हणजे माझा नवरा. पाहुण्यांना गाडीतून पॉइंट दाखवणाऱ्यांत ह्यांच्याइतकं बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून स्टँडवर सगळे ह्यांना रेडिओ म्हणतात. मी मात्र हा रेडिओ कधी ऐकला नाही. घरी ‘मीठ दे’ आणि ‘झोपतो’ एवढी दोनच स्टेशनं लागतात.

ह्यांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, काढून टाकू, पण तोवर मोठ्यानं बोलायचं नाही. आणि नंतरही आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही. इकडे मॅनेजरचं म्हणणं वेगळंच. डोंगर काय, कोणीही बघतो, पाहुणे येतात ते गोष्टी ऐकायला. दुसऱ्या एका ड्रायव्हरनं गाडीत टेप बसवली होती. बटण दाबलं की गोष्ट सुरू. आजची फेरी फसली तर उद्यापासून लॉजचे सगळे पाहुणे त्या टेपवाल्याकडे जाणार, असं मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं. हे मान खाली घालून उभे. मला ते बघवेना.

मी त्याच लॉजच्या चादरी धुते. गाठोडं द्यायला आले होते. तोंड गप्प ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. म्हटलं, हे कानात सांगतील, मी मोठ्यानं सांगेन, त्यात काय एवढं? त्यावर ह्यांनी दोन्ही हात हलवून नको नको केलं. मला वाटलं, बायकोच्या बोलण्याची लाज वाटते. तळपायाची आग मस्तकात गेली. गाठोडं मॅनेजरच्या टेबलावर आपटलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

खरं सांगते, लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून पॉइंट मी खालूनच बघितले. गिऱ्हाइकाची सीट अडवून ड्रायव्हरच्या बायकोनं डोंगर बघायचा, हे बरं दिसतं का? शिवाय चादरी होत्याच.

मागे आठ-दहा पाहुणे होते. त्यांत एक हसरे आजोबा, आणि निळ्या शालीतली एक बाई. ती नव्या लग्नात इथे येऊन गेली होती, आता कॉलेजातल्या लेकीला घेऊन आली होती. म्हणाली, डोंगर तर बघूच, पण मला ती राणीची गोष्ट परत ऐकायची आहे. एवढ्या थंडीत हे घाम पुसायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला थांबा राणीचा कडा. समोरच्या कातळाला मधोमध मोठी खाच आहे. ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अडखळत अडखळत सांगितलं, ते मी मोठ्यानं सांगत गेले. एकदा राजानं न सांगता अख्खी फौज जेवायला आणली. राणी दिवसभर राबून दमलेली. तिनं हातातली पळी राजाला फेकून मारली. राजा वाकला, पळी सुटली ती थेट ह्या कड्यावर आणि...

तिथे माझी जीभ अडली. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला खोक आहे. ह्यांनी न विचारता स्टँडवरचे सहा ड्रायव्हर जेवायला आणले, त्या दिवशीची. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दूर दरीकडे बघत होते. म्हणजे आमच्या घरातली भांडणं हा माणूस गावोगावच्या लोकांना दाखवत फिरत होता. पण मागे सगळे खो खो हसत होते, आजोबांना तर ठसका लागला. मग मलाही जोर चढला. म्हटलं, पळी काही उगाच नाही मारली, राजाला आधी दोनदा बजावलं होतं. ही भर माझी. ह्यांच्या मिश्या थरथरल्या. हसत होते लबाड.

दुसरा थांबा तळं. काठावर एक पसरट, पोकळ दगड, थाप मारली की घुमतो. ह्यांनी कानात सांगितलं, मी सांगितलं. एका संध्याकाळी धुकं उतरलं, राजा वाट चुकला. राणीनं नगारा बडवला, त्या आवाजाच्या मागानं राजा घरी आला. हेही मला पाठ होतं. नगारा नव्हता, कपडे धुवायचा पत्र्याचा टब होता. धोपटण्यानं बडवून बडवून हाताला फोड आले होते.

“पण राजा तर आधीच पोचला होता ना?” शालवाली बाई म्हणाली. “कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. आपल्यासाठी कोणी एवढं बडवतंय, म्हणून त्याला आत जाववेना.”

ह्यांना एकदम खोकला आला. मी म्हटलं, हो, तसंच. आणि मनात म्हटलं, थांबा तुम्ही, घरी चला. पण राग काही केल्या येईना.

शेवटचा थांबा कुठल्याच पाटीवर नाही. नुसतं वळण. मी कान पुढे केला तर हे म्हणाले, “इथे काही नाही. इंजिन गार करायचंय.” आणि उतरून बॉनेट उघडून त्यामागे दडले.

“अहो, खरी गोष्ट तर इथलीच,” शालवाली म्हणाली. मग तिनंच सांगितली. राजा फार बोलका. दरबार गाजवायचा. पण राणीसमोर त्याची वाचाच बसायची. तिचे कष्ट एवढे मोठे, त्यापुढे आपलं बोलणं काय पुरं पडणार? म्हणून तो रोज इथे यायचा आणि तिला सांगायचं ते सगळं डोंगराला सांगायचा. हिच्यामुळे माझं राज्य आहे, म्हणायचा. आणि ती पांढरी निशाणं बघा. ती फडकताना दिसली की राजाला कळायचं, घरी सगळं ठीक आहे.

मी खाली बघितलं. आमचं पत्र्याचं छप्पर होतं. अंगणात दोरीवर सकाळी वाळत घातलेल्या लॉजच्या चादरी होत्या.

“मग राणीला कळलं का कधी?” लेकीनं विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोष्ट सांगणारी मी होते ना. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना. बॉनेटमागची खुडबूडही थांबली होती.

“कळलं,” मी म्हणाले. “पण उशिरा. तोवर राजाचा आवाज गेला होता.”

लेक सीटवरून पुढे सरकली.

“मग?”

“मग काय. राणी म्हणाली, आजवर तुम्ही बोललात, आता मी बोलते. तुम्ही फक्त गाडी नीट चालवा.”

“राजाकडे गाडी?” लेक म्हणाली आणि सगळे पोट धरधरून हसले. आजोबा म्हणाले, उद्या माझा भाऊ येतोय, त्याला ह्याच गाडीत बसवा, मॅनेजरला मी सांगतो. शालवाली मात्र हसता हसता थांबली. तिनं बॉनेटकडे बघितलं, खालच्या चादरींकडे बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बॉनेट बंद झालं. हे आत येऊन बसले. डोळे पुसले नव्हते, तसेच ओले होते. त्यांनी एकदा लांबलचक हॉर्न वाजवला. हा हॉर्न माझ्या ओळखीचा. रोज दुपारी खाली चादरी पिळताना ऐकू यायचा आणि मी म्हणायची, आलं असेल एखादं ढोर आडवं.

मी खाली बघितलं. अंगणात कोणी नव्हतं. चादरी तेवढ्या हलत होत्या.