पुढे गेलेली गोधडी

ओझरच्या विमानतळावर त्या सकाळी असं धुकं उतरलं होतं, की धावपट्टी कुठे संपते आणि द्राक्षबागा कुठे सुरू होतात ते देवालाच ठाऊक. हैदराबादचं विमान वर घुमत राहिलं. आवाज होता, विमान नव्हतं. मग आवाजही विरला, आणि उज्वलाच्या फोनवर निरोप आला: विमान माघारी फिरलं, आजची फेरी रद्द.

उज्वला तिथली ड्युटी मॅनेजर. माणसं काउंटरवर तुटून पडली. तिच्या हाती मुंबईहून दुपारी हैदराबादला उडणाऱ्या विमानातल्या मोजक्या जागा होत्या; बाकीच्यांना उद्या सकाळी इथूनच. ज्यांचा आवाज मोठा, त्यांना मुंबईची गाडी मिळाली. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, हा काही आजचा न्याय नाही.

गर्दी ओसरल्यावर तिला कोपऱ्यात लंकाबाई दिसल्या. चांदवडकडच्या. दवाखान्यात नंबर लावून बसावं तशा मांडीवर हात ठेवून बसलेल्या.

"मावशी, तुम्ही काउंटरवर का नाही आलात?"

"तुम्ही नाव पुकाराल ना? म्हणून बसले."

नाव कुणी पुकारणार नव्हतं. लंकाबाईंची लेक पूजा हैदराबादला दवाखान्यात होती, उद्या सकाळी तिचं सिझर. पहिलं बाळ गेलं तेव्हा आई जवळ नव्हती, कांदा काढणीत अडकली होती. या खेपेला पूजानं एकच मागितलं होतं: मला आत नेतील तेव्हा तू जवळ हवीस. हे ऐकून उज्वलानं घड्याळ पाहिलं. मुंबईची गाडी केव्हाच घोटीच्या पुढे गेली होती.

"घरी सोडायला गाडी देते, मावशी."

"नाय बाई. निघालेलं माणूस माघारी फिरत नाय."

त्या तिथेच बसून राहिल्या. काचेबाहेर पांढरं जग हळूहळू पातळ होत गेलं, आधी एक झाड, मग कुंपण, मग लांबचे डोंगर परत आले. संध्याकाळी हैदराबादहून सहकाऱ्याचा फोन आला. "तुमच्याकडची एक बॅग आलीय, पण तिचा प्रवासीच नाही."

बॅग लंकाबाईंची. सकाळच्या गोंधळात उज्वलानंच ती मुंबईच्या सामानात चढवायला सांगितली होती. आधीच दुधात मिठाचा खडा, त्यात हे. आता ही बाई रडेल नाहीतर शिव्या घालेल, आणि दोन्हीला आपण पात्र आहोत, असं मनाशी म्हणत ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"मावशी, माझी चूक झाली. तुम्ही इथंच राहिलात, अन् बॅग हैदराबादला पोचली."

 लंकाबाईंचा चेहरा उजळला.

"गोधडीची बॅग? म्हंजी परस्थान गेलं की माझं!"

"ते काय असतं?"

"अगं, मुहूर्ताला निघणं जमलं नाय, तर आपलं कापड अन् सुपारी वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस मागं राहिलं तरी निघाल्यातच जमा. मग जाताना ते उचलायचं." त्यांनी उज्वलाचा हात धरला. "जावयाला सांग, गोधडी पूजाच्या अंगावर टाक. माझ्याच लुगड्यांची हाय."

उज्वलानं लगेच फोन लावले. जावई राकेश विमानतळावर येऊन बॅग घेऊन गेला. लंकाबाईंना तिनं गंगापूर रोडला आपल्या घरी नेलं. त्यांना माघारी स्वतःच्या घरी जायचं नव्हतं, आणि हे काही त्यांचं घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. विमान उतरून समोर उभं राहिलं, प्रवासी रांगेला लागले, आणि लंकाबाईंचा फोन वाजला. उज्वलानं तो स्पीकरवर लावून धरला. पूजाचा आवाज झोपेतून आल्यासारखा जड होता.

"आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. मला आत नेईपर्यंत गोधडी पांघरून होते. तुझा वास येत होता गं. भ्याले नाही मी."

  काल चूक केली नसती तर काय झालं असतं, हा विचार उज्वलाच्या मनात आला.

"पोर कुठं हाय?" लंकाबाईंनी विचारलं.

"गोधडीतच गुंडाळलीय."

त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला, आणि आता पहिल्यांदाच कुणी नाव पुकारायची वाट न बघता सगळ्यांच्या पुढे गेल्या.

"सरा रे बाबांनो," त्या म्हणाल्या, "माझं परस्थान उचलायचंय."