अडकलेले चित्र

"रूने, आधी त्या खड्ड्यातून वर ये, मग बोलू," गुनवोर फाटकातूनच ओरडली.

रूने हेडस्ट्रॉम अंगणात गुडघाभर खड्ड्यात उभा होता. बाजूच्या मातीच्या ढिगावर त्याच्या दिवंगत बायकोने लावलेली ट्यूलिपची झाडे मुळासकट आडवी पडली होती. खड्ड्याच्या तळाशी केबलची नारिंगी नळी आणि तिचा जोड उघडा पडला होता. जोड कोरडा ठणठणीत होता, आणि त्यामुळेच रूने चक्रावून गेला होता.

"जोडात पाणी शिरलं असणार. नाहीतर रानडुकरांनी उकरलं असणार," तो म्हणाला.

"डुकरं कुठेयत? तूच तर उकरतोयस!"

गावात इंटरनेट आले ते श्रमदानातून. आपापल्या हद्दीतला केबलचा चर ज्याने त्याने खणायचा, असे ठरले होते. रूनेचा जन्म लाकडाच्या कारखान्यात करवती दुरुस्त करण्यात गेलेला. त्याने स्वतःचा चर तर खणलाच, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचाही खणून दिला. त्यामुळे नेटमध्ये काही बिघडले की त्याला आपलेच काम कच्चे राहिल्यासारखे वाटे. हे नेट चालवणाऱ्या गावसंस्थेची अध्यक्ष गुनवोर होती. संस्थेच्या पहिल्या सभेला कॉफीचा थर्मास फक्त तिनेच आणला होता, एवढ्या एका कारणावरून सगळ्यांनी तिच्या गळ्यात ते पद घातले होते.

"वेग मोजलास का?" तिने विचारले.

"रोज मोजतो! सुई पार टोकाला जाते, सगळं हिरवंगार. आणि रविवारी अन्नेलीशी बोलायला बसलो की माझी पोर तोंड उघडं ठेवून दगड होते. तीन रविवार झाले. मी काय समजायचं?"

अन्नेली त्याची एकुलती एक मुलगी. गोथेनबर्ग शहरात राहायची. गाडीने तीन तासांची वाट, पण भेट व्हायची ती कॉम्प्युटरवर. एरवी चित्र अडकले तर रूने मनाला लावून घेणारा नव्हता. पण जंगलाकाठचे त्याचे लाल घर हॅम्बुर्गच्या एका जोडप्याला विकत हवे होते, आणि या महिन्यात त्यांना होय की नाही ते कळवायचे होते. रूनेचे खुब्याचे हाड कुरकुरत होते. सरपण फोडणे आणि जिना चढणे आणखी एक हिवाळा जमणार नाही, हे त्याला कळून चुकले होते. पण अन्नेलीला घर हवे असेल तर जर्मन लोकांनी खुशाल दुसरे बघावे. तेवढे एकच तिला विचारायचे होते, आणि नेमके तेवढेच विचारले की चित्र अडकायचे.

गुनवोरने आत येऊन कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट बसवून दिली. तिच्यात एक हिरवी रेघ उड्या मारत होती.

"ही बघत राहा. चित्र खरंच अडकलं तर ही झोपेल. नाचत असेल तर समज, तिकडून सगळं येतंय. मग दोष लायनीचा नाही."

"मग कोणाचा?"

"ते बघू," गुनवोर म्हणाली. त्या भागात तोंडावर "नाही" असे कुणी म्हणत नाही. "बघू" म्हणतात आणि पुढ्यात कॉफी ओततात.

रविवारी ती वेलदोड्याचे बन घेऊन आली आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने बाजूला बसली. अन्नेली पडद्यावर आली. ओले केस, मागे उघडी खिडकी.

"बाबा, अंगणात खड्डा कसला रे? गुनवोरमावशीने फोटो पाठवला."

"नेटचा जोड तपासत होतो."

"त्यासाठी आईची ट्यूलिपं उपटलीस? धन्य आहे तुझी!"

"लावतो परत. कंद शाबूत आहेत. बरं, ते हॅम्बुर्गवाले विचारतायत गं. तुला हवंय का हे घर? पुढेमागे यायचं मनात असेल तर मी त्यांना..."

अन्नेलीचे चित्र थांबले. ओठ अर्धवट उघडे, नजर एका जागी. आवाजही गेला.

"बघ! बघितलंस?" रूने कुजबुजला आणि त्याने कोपऱ्यात पाहिले. हिरवी रेघ मजेत नाचत होती. त्याला काही सुधरेना. चौकट बिघडली असावी, असे मनात आले. त्याने गुनवोरकडे बघितले, तर ती बनवरची साखर बोटाने गोळा करत होती.

त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिले. अन्नेलीच्या मागे खिडकीचा पांढरा पडदा वाऱ्याने फुगला, बाहेर गेला आणि परत आत आला.

आधी त्याला संताप आला. बापाला असे खेळवायचे? एक शब्द बोलायला इतके जड जावे? मग संताप कुठल्या कुठे गेला आणि फार वाईट वाटले. आपल्या बापाला नाही म्हणायला जीभ उचलेना, म्हणून पोरगी तिकडे श्वास रोखून बसली होती. आजचा धरून चार रविवार बसली होती.

तो खाकरला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "गुनवोर, परत अडकलं बघ. तिला काही ऐकू जात नसणार, म्हणून तुला सांगतो. घर द्यायचं मी ठरवून टाकलंय."

गुनवोरचे बोट थांबले. "ठरवलंस?"

"हो. आता झेपत नाही. दवाखान्याजवळ दोन खोल्या बघितल्यात, ऊन चांगलं येतं. पण पोरीला सांगायचा धीर होत नाही. तिला वाटेल, बापाने माझ्या मनाचा विचारच केला नाही. उगाच विचारल्यासारखं करतोय झालं."

"समजून घेईल ती," गुनवोर हळू आवाजात म्हणाली. "तुझीच पोर आहे ना."

"घेईल म्हणतेस? रागावणार नाही?"

"नाही रागावणार."

चित्र अजून तसेच होते. ओठ अर्धवट उघडे, मान जराही हलत नव्हती. फक्त त्या अडकलेल्या गालावरून पाण्याचा एक ओघळ हनुवटीपर्यंत उतरला, आणि तो पुसायला हात काही वर आला नाही.

गुनवोर उठली आणि गरमच असलेली कॉफी पुन्हा गरम करायला आत गेली. रूनेने खुर्ची जरा पुढे ओढली, हात मांडीवर ठेवले, आणि चित्र सुटायची वाट बघत बसून राहिला.